आमटीत मीठ जास्त झालं होतं

भुकूम,
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

वाल्मीकदादास,

गौतमीचा नमस्कार. दरवर्षी साष्टांग लिहायचे, या वेळी नुसता नमस्कार. गुडघे दुखतात असं समज.

आम्ही सगळे ठीक आहोत. तिकडे मुळशीला भात कापायला आलं असेल. वहिनींची कंबर कशी आहे? तू फोन उचलत नाहीस, मेसेजही जात नाही, म्हणजे मला ब्लॉक केलेलं दिसतंय. म्हणून कागद घेतला. दहावीनंतर एवढं लिहिलेलं नाही मी, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आमच्याकडे नेहमीचंच. ओम पहाटे पाचला उठून मैदानावर जातो आणि मातीत लोळून घरी येतो. त्याच्या चड्ड्या मी आधी बाहेरच्या नळावर झटकते, मग मशीनला लावते, नाहीतर मशीन बंद पडायचं. परवा त्याचं कोपर सोलवटलं. हळद लावली तर म्हणतो, ‘आई, मालिश कर, बाकीचं ऱ्हाऊ दे.’ शंभू सतरा वर्षांचा झाला. खेळत नाही, पण पाचला त्याची झोप अजून मोडते. तो उठून बसतो, ओमला बूट शोधून देतो आणि भिंतीला टेकून राहतो. ते मी वर्षभर रोज बघतेय, दादा. रोज.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षीची कबड्डीची निवड तुला आठवत नसेल, मला आठवते. किशोर गटाला पंचावन्न किलोची अट. शंभूचं ते शेवटचं वर्ष, पुढच्या साली वय बसणार नव्हतं. महिनाभर पोराने भात बंद केला, साखर बंद केली. शेवटचे तीन दिवस मीठ बंद, कारण मिठाने अंगात पाणी धरतं. मी त्याला अळणी भाजी वाढायचे आणि मोरीत जाऊन रडायचे. काट्यावर निघाला पंचावन्न किलो दोनशे ग्रॅम. सव्वादहा वाजले होते, वजन घेणं अकराला बंद व्हायचं होतं. वजन जास्त भरलेल्या बाकीच्या तीन पोरांना पळून घाम गाळून यायला सांगितलं. संघाचा प्रशिक्षक तू. सख्खा मामा. आणि तू काय म्हणालास? ‘भाच्याला सवलत दिली असं कुणी म्हनाया नको.’ म्हणालास आणि नावावर रेघ मारलीस.

रिकाम्या जागी घेतलंस कुणाला? इंद्रजितला. चौदा वर्षांच्या, तुझ्या स्वतःच्या लेकाला. तेव्हा लोक काय म्हणतील ते आठवलं नाही वाटतं!

मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. आईने शपथ घातली होती, भावाबहिणीत कबड्डी आणू नका म्हणून. गप्प बसले. पण गप्प बसलेली बाई विसरलेली असते असं तुला कुणी सांगितलं?

या भाऊबीजेला तुम्ही तिघं आलात. मी तुला ओवाळलं, कपाळाला टिळा लावला, तोंडात पेढा घातला. वहिनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, ‘ताई, इंद्रजितला जरा बेतानं वाढा हां. उद्या वजन हाय. सकाळी चोपन्न सहाशे भरला.’ मी म्हटलं, ‘एवढं का न कळायला मला?’

न कळायला काय झालं! शंभूच्या उपासापायी सगळा अभ्यास झाला होता माझा. पुरणपोळ्या केल्या त्या चांगल्या जाड. तुपाची वाटी त्याच्याच ताटाशी ठेवली. आणि कटाच्या आमटीत मीठ घातलं, चव बघितली, आणि पुन्हा घातलं.

पहिला घास घेऊन तू म्हणालास, ‘आमटी खारट झालीया गं.’ मी म्हटलं, ‘हात चुकला रे.’ तू आणि वहिनींनी वाट्या बाजूला सारल्या. मग मी इंद्रजितच्या पुढ्यात बसले. ‘आत्याच्या हातची न्हाई का खायाची? वर्षातनं एकदा येतोस. अजून एक पोळी. माझी आण हाय.’ आमटी दोनदा वाढली, पाण्याचा तांब्या तीनदा भरला. पोरगं मान खाली घालून खात होतं. तू कौतुकाने बघत होतास! म्हणालास, ‘आत्याचा लाडका हाय.’ दादा, त्या वेळी मला जे हसू आलं ते मी पदरात तोंड घालून दाबलं.

मी आग्रह केला. एवढंच केलं. आग्रहाबद्दल कुणावर केस होत नाही.

दुसऱ्या दिवशी पौडला, वजनाच्या मैदानावर, ओमला सोडायचं निमित्त करून मी आले. पोरांना स्कूटरवरून मैदानावर सोडणं-आणणं मी नेहमीच करते, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. शंभूही मागच्या गाडीवर आला. इंद्रजित काट्यावर चढला. पंचावन्न चारशे. तुझा चेहरा एकदम उतरला. खोटं कशाला बोलू, पोटात लई गार वाटलं मला.

तू घड्याळ बघितलंस, आणि लेकाला मात्र पळायला पाठवलंस. सवलत! पोराने दोन जर्किनं चढवली आणि मैदानाला फेऱ्या मारायला लागला. शंभू हातातली पाण्याची बाटली टाकून त्याच्याबरोबर पळायला लागला, ते मला आवडलं नाही. पाऊण तासाने पंचावन्न शंभर. काट्यावरचा माणूस म्हणाला, ‘न्हाई बसत.’

आणि तू लेकाच्या कानाखाली वाजवलीस. सगळ्या संघासमोर. ‘खादाड कुठला! कुणी घातलं एवढं तोंडात?’

मी चार पावलांवर उभी होते. वाटलं, आता बोट दाखवेल. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘मीच खाल्लं पप्पा. भूक लागली व्हती.’

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्षभराचं साठलेलं, ते निघालंच तोंडातून. सगळ्यांसमोर तुला म्हटलं, ‘मामाच्या काट्यावर भाचा आणि लेक सारखेच उतरले की!’ त्यावरून तू ब्लॉक केलंस हे मला माहीत आहे. करायलाच पाहिजे होतंस. पण मी बोलले तेच कारण आहे असं तुला वाटत असेल तर वरचं पुन्हा वाच. मीठ मी घातलं. पोराची काही चूक नाही.

हे सांगायला आठ दिवस लावले. आज का सांगतेय ते ऐक.

परवा जेवायला बसलो. मी शंभूच्या ताटात भाजी वाढायला गेले तर त्याने ताटावर हात आडवा धरला. म्हणाला, ‘मी घेतो वाढून.’ जन्मात कधी असं केलं नाही त्याने. मी विचारलं, काय झालं? ओम तोंड पाडून बसला होता. शेवटी शंभूच बोलला. पळताना इंद्रजितने त्याला सांगितलं होतं, ‘पहिल्या घोटालाच कळलं मला. तू गेल्या साली मीठ बंद केलं व्हतंस, मी बघितलंय. आत्याचा हात न्हाई चुकत.’

शंभूने विचारलं, मग का प्यायलास?

तर म्हणाला, ‘वाटी सारली असती, तर मला कळलंय हे आत्याला कळलं असतं. लई आनंदानं वाढत व्हती ती. आन तुजी जागा मी घेतलीच व्हती की.’

दादा, मी समजत होते मी त्याला फसवलं. पंधरा वर्षांच्या पोराने मला वाढू दिलं.

शंभू मला म्हणाला, ‘आई, मी कधी म्हटलं व्हतं का तुला, माझ्यापायी असं कर म्हणून?’ त्याने नव्हतंच म्हटलं. त्याला परत खेळायचं होतं, आणि मी त्या वर्षभरात त्याला एकदाही विचारलं नाही की तुला पुढच्या कुमार गटात खेळायचंय का. मी तुझा हिशोब करत बसले होते.

आता नीट ऐक. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तो जाणार नाही, आणि तुझी माफी मी मागणार नाही. मागायची झाली तर तू शंभूची माग, तो हे पत्र घेऊन दारात उभा आहे. त्याच्याकडे बघायची हिंमत होत नसेल तर हे पत्र त्याच्या हाती परत दे. पण ठेवून घेतलंस तर इंद्रजितला समोर बसव आणि मोठ्याने वाच, माझ्या वाईट शब्दांसकट. ऐकलंय मी, आठ दिवस झाले, तू त्याच्याशी बोलत नाहीस आणि त्याला मैदानावर पाय ठेवू देत नाहीस. त्याचा पुढच्या वर्षीचा एक डाव शिल्लक आहे. शंभूचा तू घालवलास तसा हा घालवू नकोस. ज्या हाताने मारलंस त्याच हाताने त्याला मैदानावर ने.

वहिनींना सांग, फराळाचा स्टीलचा डबा परत पाठवतेय. रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा पाठवत नाहीत, हे मलाही कळतं. निदान साखरेची चिमूट तरी टाकतात. त्या चिडतील, चिडू देत. मी चार वेळा लाडू भरले आणि चार वेळा काढून ठेवले.

इंद्रजितला एवढं सांग, की त्याला काय खायचंय ते त्याने त्याच्या तोंडाने सांगितल्याशिवाय आत्या आता त्याच्या ताटात काही वाढणार नाही.

तुझी नाही, त्याची आत्या,
गौतमी