माझ्या नावाने आधीच म्हटलेले गाणे

मी, अ‍ॅल्विस रेनफ्रो, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा सुतारकाम (हात थरथरतात म्हणून आता बंद), राहणार कॉब्स फोर्ड, राज्य जॉर्जिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीस न घालता आणि जिवंतपणी लिहून ठेवतो. 'जिवंतपणी' हा शब्द वकील प्रुइट यांना नको होता. "अहो रेनफ्रो, मेल्यावर कुणी मृत्युपत्र लिहितं का? वेगळं कशाला सांगायचं?" असे ते म्हणाले. सांगणे भाग आहे. या ऑगस्टच्या पहिल्या रविवारी बेथनी हिल चर्चच्या वार्षिक गायनात, वर्षभरात वारलेल्यांमध्ये माझे नाव वाचले गेले आणि माझ्यासाठी गाणेही म्हटले गेले. त्याचा खुलासा योग्य कलमात येईल.

कलम पहिले. माझे राहते घर, मागची जमीन आणि पिकअप गाडी माझा पुतण्या डॅरेल, राहणार अटलांटा, यास द्यावी. मला मूलबाळ नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा डॅरेल मला उचलून शहरात घेऊन गेला आणि ऑगस्ट सरेपर्यंत त्याने माझे सगळे केले. "काका, इथंच राहा. तिकडं तुमची वाट बघतंय कोण?" असे तो रोज म्हणे. पोरगा मनाने चांगला आहे, पण त्याच्या घरात दिवसभर टीव्ही बोलतो आणि माणसे गप्प असतात. गप्पच बसायचे तर आपल्या घरी बसावे, म्हणून मी परत आलो. अंगणातले गवत कमरेएवढे झाले होते. ते बघूनच लोकांनी काय ते ठरवले असावे.

कलम दुसरे. माझे रंधे, पटाशा, करवती आणि लाकडी पेटी, बेथनी हिलचे बाक जो दुरुस्त करील त्यास द्यावी. ते बाक मी केले आहेत. चारही बाजूंना एकेका सुराचे बाक, सगळ्यांची तोंडे आत, आणि मधल्या मोकळ्या चौकात गाणे सांगणारा उभा, अशी आमची पद्धत आहे. पुस्तकातल्या पानाचा आकडा पुकारायचा, आधी नुसते फा-सोल-ला, म्हणजे स्वरांची नावे, म्हणून चाल बसवायची, मग शब्द घ्यायचे. आम्ही कोणाला ऐकवायला गात नाही. ऐकायचेच असेल त्याने बाकावर बसावे आणि तोंड उघडावे.

चार वर्षांपूर्वी शहरातून रेकॉर्ड काढणारी मंडळी आली. त्यांना आम्ही सगळे माइककडे तोंड करून रांगेत उभे हवे होतो, आणि फा-सोल-ला नको होते. चर्चच्या कमिटीवर माझी मेहुणी ओमा स्ट्रिकलंड होती, तिने होकार दिला. ओमा म्हणजे माझी दिवंगत पत्नी लुडी हिची धाकटी बहीण.

"भावोजी, एक दिवस बाक फिरवले तर आकाश कोसळणार नाही," ओमा सगळ्यांदेखत म्हणाली.

"ज्यांना एकमेकांची तोंडं बघवत नाहीत, त्यांनी खुशाल भिंतीकडे बघून गावं," मी म्हणालो.

"मग तुम्ही घरी बसा आणि भिंतीकडेच बघा."

त्याप्रमाणे मी घरी बसलो. बाक दुसऱ्याच दिवशी जागेवर आले असे ऐकतो, पण मला बोलवायला कोणी आले नाही आणि मीही गेलो नाही. ती रेकॉर्ड माझ्याकडे आहे. गाणी गुळगुळीत झाली आहेत, कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. ती कोणालाही द्यावी.

कलम तिसरे. लुडी गेल्यापासून आणि विशेषतः मी घरी बसल्यापासून माझी करमणूक म्हणजे जुन्या गायनांच्या टेपा. या टेपा चौकाच्या मधोमध माइक टांगून केलेल्या आहेत. त्यांत पंखे हलतात, बाक करकरतात, कोणाचे तरी पोर रडते, आणि तारसप्तकाच्या बाकावर लुडी खोकते आणि पुन्हा सूर धरते. स्वयंपाकघरातल्या चार खुर्च्या मी बाहेरच्या खोलीत समोरासमोर मांडल्या आहेत. मध्ये टेपरेकॉर्डर असतो आणि मी खर्जाच्या खुर्चीवर बसून माझा भाग म्हणतो. बाकीच्या तीन खुर्च्यांकडे बघायचे नाही, असे मी ठरवले होते. ते जमले नाही. फार एकटे वाटते, हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने सांगायला कोणी नाही.

टेपा डॅरेलने घ्याव्यात. खुर्च्याही घ्याव्यात, पण टीव्हीसमोर मांडू नयेत.

कलम चौथे, म्हणजे वर म्हटलेला खुलासा. गायनाच्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी वारलेल्यांची नावे वाचतात. मग एक जण चौकात उभा राहून दोन शब्द बोलतो आणि त्यांच्यासाठी एक गाणे सांगतो. नाव एकदाच वाचायचे, गाणे एकदाच म्हणायचे, हा आमचा रिवाज आहे. मी परत आल्यावर थोड्याच दिवसांत पोस्टमन ग्रेडी टकर पाकीट घेऊन आला आणि मला दारात बघून पायरीवरच बसला.

"काका, तुम्हाला तर अटलांटात पुरलं म्हणे," तो म्हणाला.

"मग हे पाकीट कुणाला आणलंस?"

"पत्ता होता म्हणून आणलं. मेलेल्यांचं टपाल येतच असतं हो."

पाकिटात या वर्षीच्या गायनाची टेप होती. दर वर्षी येते तशी ती याही वर्षी आली होती. कोणी तरी सवयीने माझे नाव घालून धाडली असणार. मी ती चार खुर्च्यांमध्ये लावली. एका तरुण मुलीने नावे वाचली, त्यांत माझे होते. मग चौकात ओमा उभी राहिली. तिचे शब्द मी टेप थांबवून थांबवून उतरून घेतले ते असे: "भावोजी हट्टी होते. बाकांवरून भांडून चार वर्षं बोलले नाहीत, आणि गेले तेव्हा मला कुणी कळवलंसुद्धा नाही. माझ्या ताईचा नवरा, आणि मी मूठभर माती टाकायला नव्हते. त्यांच्या खर्जाच्या बाकावर आता सहा जण बसतात, तरी खाली पोकळच लागतं."

तिने पानाचा आकडा पुकारला. लुडीला आवडायचे तेच गाणे. फा-सोल-ला नीट झाले. शब्दांच्या दुसऱ्या कडव्यात ओमाचा आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, थांबला. ही बाई तापातसुद्धा कधी थांबलेली मी ऐकलेली नाही. बाकीच्यांनी गाणे कसेबसे पुरे केले. खर्ज खरोखरच पोकळ होता, म्हणून मी माझ्या खुर्चीवरून तो भरला. स्वतःच्या नावाचे गाणे म्हणायची पाळी बहुधा दुसऱ्या कोणावर आली नसेल. नंतर मी बराच वेळ रडलो.

कलम पाचवे. माझ्या वाट्याचे गाणे असे होऊन गेले आहे. मी खरोखर वारेन तेव्हा रिवाजाप्रमाणे कोणी पुन्हा म्हणणार नाही. तरीही माझी विनंती आहे. माझ्या दफनाला टेप लावू नये. चार माणसांनी चार बाजूंनी समोरासमोर उभे राहून गावे. चार न मिळाल्यास दोन चालतील, त्यांतली एक आल्टो असावी.

कलम सहावे. माझी मेहुणी ओमा स्ट्रिकलंड हिच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. लुडीचे गाण्याचे पुस्तक तिलाच द्यायचे माझ्या मनात होते. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे प्रुइट यांनी सांगितले. म्हणून पुस्तकही डॅरेलला. साक्षीदार म्हणून मला ओमाच हवी आहे. लिहिणारा जिवंत आहे हे साक्षीदाराला समोर बसून बघावे लागते. मी परत आल्याचे तिला अद्याप माहीत नाही, ग्रेडीला मी तोंड बंद ठेवायला सांगितले आहे. प्रुइट स्वतः जाऊन तिला सांगतील. ती न आल्यास तिची जागा कोरी ठेवावी, दुसऱ्या कोणाची सही घेऊ नये. मग कागद कायद्याने टिकला नाही तरी चालेल.

हे मी वाचून पाहिले. सगळे माझ्या मनासारखे आहे.

अ‍ॅल्विस रेनफ्रो
कॉब्स फोर्ड, जॉर्जिया. २१ सप्टेंबर १९९६.

साक्षीदार पहिला: ग्रेडी टकर, पोस्टमन. माझ्यासमोर सही केली. मी कुणाला काही बोललो नव्हतो.

साक्षीदार दुसरी: ओमा स्ट्रिकलंड. वरील गृहस्थ जिवंत आहेत, हे मी समोर बसून पाहिले. इतके महिने शहरात राहून एक फोन केला नाही, त्याबद्दल जे बोलायचे ते त्यांना बोलले आहे, इथे लिहीत नाही. बाकांबद्दल त्यांचे म्हणणे मला अजूनही पटत नाही. सही करण्याआधी त्यांनी मला आल्टोच्या खुर्चीवर बसवले आणि ते गाणे आम्ही दोघांनी टेप न लावता म्हटले. दुसऱ्या कडव्यात ते थांबले. मी थांबले नाही.