माशांचं पाणी

८ नोव्हेंबर

आलो एकदाचे. सदाशिव पेठेतल्या दीड खोलीतून विश्रांतवाडीतल्या या अख्ख्या मजल्यावर. निघताना सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि आमचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत आमच्या पलंगाच्या जागी स्वतःचं शिवणयंत्र ओढून घेतलं, असं नणंदेने फोनवर कळवलं. असू दे. इथे गॅलरी आहे, गॅलरीत ऊन आहे आणि स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता उभी राहू शकतात. श्रीनिवास सकाळपासून उगाचच या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. लग्न झाल्यापासून या माणसाने आवाज चढवलेला मला आठवत नाही. आमच्याकडे भांडण मी एकटीच करते, तो कांदा चिरत ऐकतो.

खाली घरमालक आप्पासाहेब आणि त्यांच्या पत्नी सरुबाई राहतात. इकडची बरीच जमीन यांच्या भावकीची होती, आता तिथे बिल्डरच्या इमारती आणि यांच्या अंगणात मोठी गाडी. तरी सरुबाई आल्या आल्या पिठलं-भाकरी घेऊन वर आल्या आणि मी खाईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. पेठेत शेजारणीने फार तर वेळ विचारली असती, तीही कधी जाणार याची.

हॉलमध्ये एक फिश टँक आहे, घराबरोबरच आलेला. आप्पासाहेबांचा धाकटा भाऊ जयसिंग इथे वर राहायचा. तो वारला, टाकी त्याची. आप्पासाहेबांची अट एवढीच, की टाकीचा पंप बंद करायचा नाही आणि पाणी सगळंच्या सगळं कधी उपसायचं नाही. मासं मेलं तर मरू द्या, पाणी फिरतं ऱ्हाऊ द्या, असं जमिनीकडे बघत म्हणाले. आता मी परवापरवापर्यंत कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. मासे असे मरू देणाऱ्यांतली मी नाही.

११ नोव्हेंबर

मासे आजारी आहेत. दोन एंजल, थोड्या मॉली आणि एक गलेलठ्ठ गोल्डफिश. शेपट्या कुरतडलेल्या, अंगावर पांढरे ठिपके, पाणी दुधाळ. एका एंजलला डोळाच नाही. आधी वाटलं, रोगाने गेला असेल. मग दुपारी खुर्ची टाकून समोर बसले आणि बघितलं. मॉली म्हणजे शेवाळ चाटत आयुष्य काढणारी गरीब जात. त्या एकामागून एक येऊन त्या डोळा गेलेल्या एंजलला टोचत होत्या. तो कोपऱ्यात शिरला तरी सोडेनात. भूक म्हणावी, तर वर खाणं तरंगत होतं आणि त्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. संध्याकाळी एंजल मेला. मेल्यावरही त्याला ओढत होत्या.

१४ नोव्हेंबर

पद्धतशीर काम सुरू केलं. येरवड्याच्या मासेविक्या दुकानदाराने पाणी तपासायच्या पट्ट्या दिल्या आणि एक निळं औषध गळ्यात मारू पाहिलं. मी म्हटलं, आधी पाणी बघते, मग औषध. त्याला माझा राग आला, मला त्याचा.

एकेक कारण तपासून बाजूला करतेय. थंडी असेल म्हणून हीटर लावला, ठिपके कमी झाले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना बाधतं, म्हणून पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच घालते, तेही पाव टाकीच. खाणं निम्म्यावर आणलं. अमोनिया ठीक आहे. पण पाणी भयंकर जड, आणि अल्कली इतकं की पट्टीचा रंग डबीवरच्या शेवटच्या चौकटीच्याही पुढे गेला. नळाचं पाणी असं नाही, तेही तपासलं. म्हणजे टाकीतच काहीतरी विरघळतंय.

पण जड पाण्याने मासे एकमेकांना फाडत नाहीत. गोल्डफिशची शेपटी आज मुळापासून गेली. मध्ये जाळी घालून त्याला वेगळा केला, तर मॉली जाळीवर डोकं आपटत राहिल्या. एक तशीच आपटून मेली. मला माशांची भीती वाटली. हे श्रीनिवासला सांगितलं नाही, तो हसला असता.

१८ नोव्हेंबर

सापडलं. खडीच्या तळाशी राखाडी गाळ, आणि गाळात पांढरे, हलके, भोकाभोकांचे तुकडे. त्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसले. प्रवाळ, दुसरं काय. हौशी लोक शोभेसाठी घालतात आणि ते विरघळून पाणी जड करतं. जयसिंगराव हौशी असणार. दोन-तीन दिवस थोडं थोडं पाणी बदलत, नळीने सगळा गाळ ओढून काढला. पंप चालूच होता, अट मोडलेली नाही.

ते पाणी मोरीत ओतणं काही माझ्याने झालं नाही. बादलीभर पाण्यावरून उभी गल्ली भांडताना बघत मी वाढलेय. माशांचं पाणी झाडांना उत्तम, हे कोणीही सांगेल. गॅलरीत मी पुदिना लावलाय, त्या कुंड्यांना तेच घातलं. पांढरे तुकडेही बत्त्याने कुटून मातीत मिसळले. कॅल्शियम फुकट कशाला घालवायचं?

२५ नोव्हेंबर

मासे बरे झाले. पाणी स्वच्छ, एंजल डौलात फिरतोय, मॉली पुन्हा शहाण्यासारख्या काच चाटताहेत. गोल्डफिशला शेपटीचा कोंब आलाय. जाळी काढून टाकली तरी कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. दुकानदाराला मुद्दाम जाऊन सांगून आले, औषधाशिवाय झालं म्हणून. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुदिना तर नुसता उसळलाय. रोज चटणी करते. श्रीनिवासला पित्त, तो हिरव्या चटणीला हात लावत नाही, त्यामुळे सगळी मलाच. वाटीभर खालीही दिली. सरुबाईंना तिखट सोसत नाही, पण आप्पासाहेबांनी वाटी बोटाने पुसून खाल्ली म्हणे. आता ते रोज मागतात.

२८ नोव्हेंबर

बाथरूममध्ये पाल होती. मी चपलेने मारली. मग मारतच राहिले. श्रीनिवासने येऊन हात धरला तेव्हा पालीचं काही उरलं नव्हतं आणि फरशीचा टवका उडाला होता. माझा हात खांद्यापर्यंत दुखत होता. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

खाली आप्पासाहेब ओरडत होते, भांडी आपटत होती. सरुबाईंचं रडणं ऐकू आलं. इतके शांत लोक, काय झालं कोण जाणे.

१ डिसेंबर

श्रीनिवासचा दंड भाजला. भाजला म्हणजे मी भाजला. टॉवेल कुठे आहे, एवढंच विचारलं त्याने. उलथनं तापलेलं होतं. मी ते त्याच्या दंडावर ठेवलं आणि दाबून धरलं. कातडीचा वास आला तेव्हा भानावर आले.

डॉक्टरांना त्याने तवा लागला म्हणून सांगितलं. घरी आल्यावर माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, नोकरी सुटल्यापासून तू फार एकटी पडली आहेस. मी त्याच्या कुशीत शिरून रडले. माझा फार जीव आहे त्याच्यावर, तो नसेल तर मला या जगात काही नको. आणि रडताना मला त्याच्या गळ्याची शीर दिसत होती, उडत होती. ती चावून तोडावीशी वाटत होती.

हे लिहून ठेवते. लिहिलं की निदान दिसतं तरी.

४ डिसेंबर

सरुबाई वर आल्या. मनगट मोडलेलं, पदरात बांधलेलं. आप्पासाहेबांनी काठीने मोडलं. म्हणाल्या, उभ्या जन्मात मालकांनी बोट लावलं नाय, आन् आता डोळं बी त्यांचं वाटत नाय. जयसिंगचं वाटत्यात.

मग सगळं सांगितलं. जयसिंगने त्याच्या बायकोला, प्रेमलाला, याच हॉलमध्ये मारून मारून संपवलं आणि स्वतः विहिरीत उडी घेतली. त्याच्या अस्थी घेऊन आळंदीच्या घाटावर सगळ्या भावकीसमोर उभं राहायची आप्पासाहेबांना लाज वाटली. वाहत्या पाण्यात सोडा, असं भटजींनी सांगितलं होतं. वर टाकीत पंप होता, पाणी फिरत होतं. आप्पासाहेबांनी अस्थी आणि राख टाकीत सोडली आणि लोकांना सांगितलं, घाटावर जाऊन आलो.

ते प्रवाळ नव्हतं.

मी ते बत्त्याने कुटलं. त्याच्यावर पुदिना वाढवला. खाल्ला, आणि खालीही पाठवला. हे सगळं मी सरुबाईंना सांगून टाकलं. त्यांनी मोडलेलं मनगट पदरात सावरलं. मग म्हणाल्या, मासं बरं झालं तवाच कळाया हवं हुतं. त्यो तिथनं उठला म्हंजी कुठंतरी जाऊन बसलाच असंल.

५ डिसेंबर

कुंड्या रिक्षात घालून आळंदीला गेले. माती, पुदिना, मुळं, सगळं इंद्रायणीत सोडलं. केमिस्ट्रीच्या बाईंनी डोळे मिटून हात जोडले. जयसिंगला म्हटलं, बाबा, हे घे तुझं वाहतं पाणी आणि जा. हलकं वाटलं.

परत येताना रिक्षावाल्याने एक वळण चुकवलं. मी मागून त्याचे केस धरले आणि डोकं पुढच्या दांडीवर आपटलं. दोनदा. रिक्षा डिव्हायडरला लागली. मी उतरून चालत सुटले.

कुंडीतलं नदीत गेलं. पोटातलं कुठे सोडू?

७ डिसेंबर

सकाळी. अंगणात. आप्पासाहेबांनी सरुबाईंना— वरवंट्याने. त्या पहिल्या घावातच पडल्या. ते थांबले नाहीत. डोक्याचं काही राहिलं नाही.

मी गॅलरीत होते. ओरडले नाही. खाली धावले नाही. कठडा धरून उभी होते आणि त्यांच्या दर घावाबरोबर माझ्या मुठी वळत होत्या.

लोकांनी त्यांना धरलं तेव्हा मला वाईट वाटलं. थांबवलं, म्हणून.

पोलीस घेऊन गेले त्यांना. मला काय माहीत आहे म्हणून विचारलं. काय सांगणार होते मी, चटणी दिली म्हणून?

८ डिसेंबर

श्रीनिवासच्या कानाला टाके पडले. माझे दात.

त्याला सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. विश्वास बसला नाही त्याचा. डॉक्टरकडे जाऊ या म्हणतो, चांगला डॉक्टर आहे म्हणतो. पाया पडून पेठेत पाठवला. सांगितलं, मी बोलावलं तरी येऊ नकोस. मी रडले तरी येऊ नकोस.

सुऱ्या, विळी, कात्री, बत्ता, काचेचे पेले, लाटणं. सगळं गॅलरीतून खाली फेकलं. आतून कडी.

एवढंच करायचंय. श्रीनिवासला माझ्या हातून काही होऊ द्यायचं नाही. बाकी माझं काहीही होवो.

१० डिसेंबर

खात नाही. काही खाल्लं तर जयसिंगचं पोट भरेल असं—

मुलांना शिकवायचे मी. रक्त म्हणजे बहुतेक पाणीच. फिरतं पाणी, पंपाने ढकललेलं, कधी न थांबणारं.

इथे त्याला सगळं मिळालंय. तो कशाला जाईल?

हाताला चावले. माझ्याच. थोडा वेळ शांत झालं. थोडाच वेळ.

११ डिसेंबर

दुपार. फोन बघितला. श्रीनिवासला मेसेज गेलाय. 'बरं वाटतंय आता. ये. भूक लागली आहे.'

मी नाही केला. माझ्या फोनवरून गेलाय पण मी नाही—

त्याचं उत्तर आलंय. निघालोय, आईने डबा दिलाय.

फोन लावते, उचलत नाही. गाडीवर असेल. परत फिर रे. परत फिर—

जिन्यात पावलं. तोच.

कडी बघायला गेले. उघडी आहे. मी लावली होती. मी स्वतः लावली—

जा म्हणून ओरडतेय. आवाज फुटत नाही. तोंड हसतंय माझं, गाल दुखतायत.

घरात टोकदार काही नाही, सगळं टाकलंय, काही म्हणजे काही नाही, फक्त हे पेन—

खाली ठेवता येत नाही. बोटं उघडत नाहीत. लिहीत राहिले तर कागदावर राहील. लिहीत राहते. लिहीत—

दार ढकललं त्याने. पद्मजा म्हणाला. किती वाळलीस म्हणाला. माझ्याकडे पाठ करून चप्पल काढायला वाकलाय, पळ रे, बघ तरी मागे, त्याची मान उघडी आहे आणि मी