देवापासून खाली आणि परत वर: एका खुर्चीची फेरपरीक्षा

प्रति,
मेहेरबान सुपरिंटेंडेंटसाहेब,
मोफत सुतारकाम वर्ग (गरीब व बेकार तरुणांकरिता),
मुक्काम लोणावळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

अर्जदार: बहिरू नवसू, राहणार औंढ्याच्या वरची वाडी, सदर वर्गातील विद्यार्थी.

विषय: खुर्ची बुटकी असल्याच्या कारणावरून नापास केल्याबद्दल, व ती आता पुरेशी उंच झाली असल्याने फेरपरीक्षा घेण्याबद्दल.

संदर्भ: गेल्या सोमवारची परीक्षा व तीत साहेबांचे अकस्मात खाली जाणे.

महोदय,

विनंती विशेष अशी की, अर्जदार बहिरू हा साहेबांच्या वर्गात येण्यापूर्वी डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणून लोणावळ्याच्या बाजारात विकत असे, म्हणजे लाकडाशी त्याची ओळख जुनी आहे. वर्ग मोफत आहे असे कळल्यावर वाडीतल्या कोणाचा विश्वास बसेना. फुकट शिकवतात म्हणजे शेवटी पलटणीत धरून नेणार, असे त्याच्या आईचे, सारजाबाईचे, म्हणणे पडले. तरीही अर्जदार आला, शिकला, आणि वर्गाच्या मास्तरांनी त्याच्या हाताला चार जणांसमोर चांगले म्हटले. अर्जदारास लिहिता येत नसल्यामुळे हा अर्ज बाजारातल्या ओट्यावर बसून महिपती अर्जलेखक यांनी लिहिला आहे. भाषा त्यांची, दुःख अर्जदाराचे.

वर्गाचा नियम साहेबांनीच केलेला आहे, की प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक खुर्ची करून घरी न्यावी, घरच्यांनी महिनाभर रोज तिच्यावर बसावे, आणि इतके होऊनही जी करकरणार नाही वा डुगडुगणार नाही तिच्या मालकास प्रमाणपत्र मिळावे. नियम उत्तम आहे. तो करताना साहेबांनी लोणावळ्यातली घरे डोळ्यांपुढे ठेवली असावीत. औंढ्याच्या वरच्या वाडीत त्या दिवसापर्यंत खुर्ची आलेली नव्हती.

अर्जदाराने खुर्ची डोक्यावर घेऊन डोंगर चढून घरी नेली, तेव्हा ती चांगली गुडघ्याइतकी उंच होती, हे मास्तर शपथेवर सांगतील. तिच्यावर बसायचे कोणी, हा प्रश्न त्याच संध्याकाळी उभा राहिला. अर्जदार घरात धाकटा, त्याने बसण्याचा सवालच नाही. त्याचे वडील नवसू हे सरकारी हुकूम म्हटला की टोपी सावरणारे गृहस्थ. रोज बसायचे म्हणजे बसायचे, म्हणून तेच बसले. परंतु दारापाशी ओंडक्यावर नवसूचे चुलते कोंडाजी आबा बसलेले होते. वाडीत सर्वांत वडील माणूस तेच. चुलत्याच्या डोक्यावर पुतण्याचे गुडघे, हे कोणत्या घरात शोभते ते साहेबांनीच सांगावे.

आबांनीच खुर्चीवर बसावे अशी तोड निघाली. आबा राजी होईनात. ते म्हणाले, "म्या खुर्चीव बसलो तर लोकं माज्याकडं कागुद घिऊन येतील. मग म्या काय करू?" शेवटी नवसूने मुलाला करवत आणायला सांगितली, आणि खुर्चीची बैठक ओंडक्याच्या खाली येईल इतके तिचे पाय कापण्यात आले. बापाचा शब्द मोडायची अर्जदाराच्या घरी रीत नाही.

महोदय, चारही पाय सारखे कापणे किती अवघड असते हे साहेब जाणतातच. एक पाय केसभर आखूड झाला की दुसरा कापावा लागतो, मग तिसरा, आणि माणूस रात्रभर करवतीच्या मागे धावतो. अर्जदाराने एका दमात कापले आणि खुर्ची जागची हलली नाही. ही गोष्ट परीक्षेत कोणी विचारलीसुद्धा नाही, याचे त्याला फार वाईट वाटले आहे.

पुढे भाज्याकडचे रखमाजी पाहुणे आले. त्यांची मुलगी बाया हिच्याशी अर्जदाराची सोयरीक ठरत आहे. भुशीच्या वाटेवर मुंबईच्या एका शेटजींचा बंगला बांधणे चालू असून तिथले मिस्त्री शिमग्यानंतर छपराच्या कामाला सुतार घेणार आहेत, मात्र प्रमाणपत्र असलेलेच घेणार आहेत. काम लागले तरच मुलगी देईन, असे रखमाजींचे म्हणणे आहे आणि ते रास्त आहे. तर रखमाजी आले आणि घोंगडीवर बसले. बोलणी पक्की व्हायच्या आधी उंचावर बसले तर मुलीचा बाप ताठ आहे असे होईल, म्हणून खुर्ची त्यांनी हात जोडून नाकारली. पाहुणा घोंगडीवर आणि घरधनी खुर्चीवर, असे कसे चालेल? नवसूचा तर हुकमाप्रमाणे बसण्याचा नेम. करवत पुन्हा निघाली आणि खुर्ची पाटाच्या उंचीला आली.

मग दिवा लावताना सारजाबाईच्या ध्यानात आले की कोपऱ्यात जमिनीलगतच्या फळीवर मांडलेले घरचे देव अजूनही नवसूच्या मांडीखालीच येतात. त्या बाईने डोळ्यांना पदर लावला. यापुढे काय झाले ते साहेबांनी ओळखले असेलच. पाय म्हणून चार खुंट्या उरल्या. तरीही खुर्चीला पाठ होती, आणि त्या पाठीला टेकून नवसू रोज संध्याकाळी असा काही सुखावे की बायको त्याच्याकडे संशयाने पाही. जन्मात भिंतीशिवाय दुसऱ्या कशाला तो टेकलेला नव्हता.

अशी ही खुर्ची अर्जदाराने सोमवारी परीक्षेस आणली व रांगेत शेवटी ठेवली. साहेब मास्तरांशी बोलत बोलत, कोटाची मागची टोके उचलून, मागे न पाहता बसू लागले आणि बसतच राहिले. अर्जलेखकाने हे वाक्य जरा आडवळणाने लिहावे असे सुचवले होते, परंतु अर्जदार खरे तेच लिहा म्हणून हटून बसला. खाली पोहोचल्यावर साहेबांनी विचारले, "ही खुर्ची आहे की खड्डा?" अर्जदाराने नम्रपणे उत्तर केले, "साहेब, देवापरीस उंच न्हाई बसता येत." हे उत्तर साहेबांना उद्धट वाटले. त्यात उद्धटपणा नव्हता, घरची हकीकत होती. साहेबांनी जमिनीवरूनच नापास असा शेरा फर्मावला.

येथे अर्जदाराचे म्हणणे असे की, परीक्षा करकरण्याची आणि डुगडुगण्याची होती. साहेबांसारखे भारदस्त गृहस्थ इतक्या वरून, इतक्या अनपेक्षितपणे आदळूनही खुर्चीचा एक सांधा सुटला नाही. सुटले ते साहेबांच्या कोटाचे बटण. वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही खुर्चीची इतकी कडक परीक्षा झालेली नाही.

तथापि साहेबांना उंची हवी आहे, हे अर्जदाराने मनावर घेतले. कापलेले तुकडे सारजाबाईने चुलीत घातले नव्हते, ते त्याने खुंट्या मारून पुन्हा पायांना जोडले. मात्र या खेपेस त्याने आधी विचार केला आणि सुरुवात देवांपासून केली. देव आढ्याजवळ नव्या फळीवर बसवले. सारजाबाईचा हात दिव्याला पुरेना, म्हणून शिडी केली. आबा पुतण्याच्या वर राहावेत म्हणून त्यांच्या ओंडक्याखाली उंच घडवंची केली. आता त्यांची टोपी छपराला लागते. रखमाजी सोयरीक मोडायला म्हणून आले होते, त्यांच्यासाठी खुर्चीइतकाच उंच चौरंग केला. एकदा वर बसवल्यावर मोडायची भाषा काढणे त्यांना जड गेले, शिवाय रीत न मोडता खाली कसे उतरावे हेही त्यांना कळेना, म्हणून ते अजून मुक्कामाला आहेत. देवाची फळी, शिडी, घडवंची आणि चौरंग, हे सर्व परीक्षेत मागितलेले नसताना अर्जदाराने केले आहे.

जोडलेली खुर्ची नियमाप्रमाणे रोज वापरणे भाग आहे. म्हणून संध्याकाळ झाली की सर्व मंडळी आपापल्या उंचीवर चढून बसतात. जेवण वर पोहोचवावे लागते. वाडीतले लोक दारात येऊन बघतात आणि कोणाचे काही चुकले का म्हणून विचारतात. आबांचे पाय अधांतरी लोंबतात व त्यांस मुंग्या येतात. नवसूने काल त्यांना खाली उतरायला विनवले. तेव्हा आबा म्हणाले, "म्या उतारलो की तुला उतराया लागंल, आन् तू उतारलास की पोराचा नेम मोडंल. त्याचा कागुद येऊ दे, मग उतरतो." अर्जदार हे ऐकून घराबाहेर निघून गेला. आज सकाळी तो अर्जलेखकाच्या ओट्यावर येऊन बसला.

तरी साहेबांनी कृपा करून शिमग्याच्या आत एकवार वाडीवर यावे आणि त्या खुर्चीवर स्वतः बसावे. साहेब अंमलदार आहेत आणि पाहुणेही आहेत. ते खुर्चीवर बसले की त्यांच्यापेक्षा उंच बसणे कोणालाच शोभणार नाही. नवसू, रखमाजी आणि आबा, तिघेही रीतीप्रमाणे त्याच क्षणी जमिनीवर येतील. देव तेवढे वर राहतील, ते साहेबांच्याही वरच आहेत. मग साहेबांनी पाठ टेकावी, आणि खुर्ची करकरली नाही तर पासाचा शेरा मारावा. ती आता खरोखर गुडघ्याइतकी उंच आहे, तरीही बसण्यापूर्वी मागे पाहावे, ही विनंती.

आपला, या सर्व खटाटोपात अद्याप जमिनीवरच बसत असलेला, नम्र अर्जदार

बहिरू नवसू
निशाणी करवतीची

दस्तुर महिपती सोपान, अर्जलेखक, लोणावळे बाजार
तारीख २१ फेब्रुवारी १९३८

सोबत: साहेबांच्या कोटाचे बटण एक. ते खुर्चीच्या पाठीमागे सापडले. सारजाबाईने धुऊन दिले आहे.