तीस रात्री थांब

प्रिय ग्वेन,

तुझा मेसेज मंगळवारी आला. 'डॅड, दोन महिने झाले, सकाळी उठताना डावा खुबा दुखतो. गादी कामातून गेलेली दिसतेय. ही कडक स्प्रिंगची बघून ठेवलीय, घेऊ का? तुला यातलं कळतं.' तेव्हापासून मी तीन कागद फाडले, हा चौथा. फोन केला असता तर तू नेहमीसारखी म्हणाली असतीस, 'डॅड, भाषण नको, हो की नाही तेवढं सांग.' एकेचाळीस वर्षं टोलेडोत गाद्या विकलेल्या माणसाला हो किंवा नाही एवढ्यावर सुटता येत नाही, बाई. म्हणून पत्र. अट एकच, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय गादी मागवायची नाही.

बुधवारी मी मॉलमागच्या त्या मोठ्या दुकानात जाऊन तुझी गादी शोधून काढली. मी नोकरीला होतो ते दुकान बंद झाल्यापासून मी असल्या ठिकाणी पाऊल टाकलं नव्हतं. चष्म्याला साखळी लावलेली एक पन्नाशीची बाई पुढे आली. मी म्हटलं, 'मला पंधरा मिनिटं झोपायचंय, आणि मधे कुणी बोलायचं नाही.' ती म्हणाली, 'आजोबा, घोरायचे पैसे वेगळे पडतील.' बाई कामाची निघाली.

दुकानात लोक गादी कशी बघतात ते तुला आठवत असेल. बूट न काढता उताणे पडतात, हात पोटावर, पाय जुळवलेले, आणि चार लोकांत लाज वाटते म्हणून दोन मिनिटांत उठतात. तसं उताणं पडलं की कडक गादी सगळ्यांनाच आवडते. पाठ सरळ राहते, कंबर खाली जात नाही, माणसाला वाटतं आपली शिस्तच सुधारली. घरी जाऊन तो कुशीवर वळतो आणि तिसऱ्या दिवशी दुकानात भांडायला येतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न किमतीचा करायचोच नाही. विचारायचो, सकाळी डोळे उघडतात तेव्हा समोर काय दिसतं? छत, भिंत की उशी? गिऱ्हाइकं हसायची, पण उत्तर बरोबर द्यायची.

तर गादी चांगली आहे. तार जाड, स्प्रिंगा घट्ट बांधलेल्या, कडेला बसून बुटाची नाडी बांधली तरी कड खचत नाही. आतून हवा खेळती राहते, तुझ्या आल्बुकर्कीच्या उन्हाळ्यात ते बरं. उताणं झोपणाऱ्याला मी ती डोळे झाकून देईन. पालथं झोपणाऱ्यालाही, कारण त्याचं पोट खाली गेलं की कंबर धनुष्यासारखी वाकते, आणि ही गादी पोट खाली जाऊ देत नाही. वजनदार माणसाला तर हीच. फक्त एकाच्या कुशी बदलण्याचा धक्का दुसऱ्याला बसतो. तुझ्याकडे दुसरा म्हणजे बिस्किट, आणि तो कुत्रा भूकंपातही उठायचा नाही.

पण कुशीवर झोपणाऱ्या हलक्या अंगाच्या माणसाला ही गादी मी कधी दिली नाही. त्याचं सगळं वजन खांदा आणि खुबा या दोन हाडांवर येतं. गादीने तिथे जरा वाट द्यायला हवी, ही देत नाही. आणि तू कुशीवर झोपतेस. डाव्या कुशीवर, उजवा हात गालाखाली, गुडघे पोटाशी. मला कसं माहीत असं विचारू नकोस. शाळेची बस तुला दुकानापाशी सोडायची आणि आईची शाळेच्या स्वयंपाकघरातली आवराआवर संपेपर्यंत तू खिडकीजवळच्या गादीवर दप्तरासकट झोपून जायचीस. एकदा एक जोडपं तुझ्याकडे बघत बराच वेळ उभं राहिलं आणि म्हणालं, 'आम्हाला हीच द्या.' त्या वर्षी आमची सगळ्यात चांगली विक्रेती तूच होतीस, ती पण झोपेत.

तुझी आई अगदी तशीच झोपायची. डाव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड. ती किडमिडीत होती, आणि तरी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी घरी काय आणावं? दुकानातली सगळ्यात कडक स्प्रिंगची गादी. कारण मी उताणा झोपतो आणि मला ती आवडली होती. तिने गादीवर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाली, 'लेन, ही झोपायला आणलीस की पीठ मळायला?' आम्ही दोघं खूप हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि त्याच्यापुढचं सगळं मी आजपर्यंत तुला सांगितलेलं नाही.

काही दिवसांनी तिचा खुबा दुखायला लागला. सकाळी पलंगाच्या कडेला बसून ती म्हणायची, 'आज जरा जास्तच आहे.' आता बघ, दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने म्हटलं असतं, चल, दाखवून येऊ. पण मला यातलं कळत होतं ना! कुशीवर झोपणारी हलकी बाई, कडक गादी, दुखणार नाही तर काय? मी तिला तेच सांगितलं जे एकेचाळीस वर्षं प्रत्येक तक्रार करणाऱ्याला सांगत आलो. तीस रात्री थांब. अंगाला नव्या गादीची सवय व्हायला तीस रात्री लागतात. ती थांबली. फरक पडला नाही तेव्हा मी मध्यम कडक गादी आणली आणि पुन्हा तीस रात्री थांबायला लावलं. मग वरून मऊ थर शिवलेली. मग त्याहून जाड थराची, चौथी. दुकानाच्या मालकाने मला वेड लागलं म्हटलं. ती दर वेळी चादर चारी कोपऱ्यांत नीट खोचायची आणि म्हणायची, 'बघू, या वेळी जमेल तुला.' मला जमेल म्हणाली, ग्वेन. दुखत होतं तिला आणि धीर मला देत होती.

असे पाच महिने गेले. त्याच्या नऊ वर्षं आधी तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती हे मला ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ते प्रकरण मिटलं असं आम्ही धरून चाललो होतो, डॉक्टरही वर्षातून एकदा बघून पाठवून द्यायचे. खुब्याचा आणि त्या गाठीचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात गादी होती. मग शाळेत फ्रीजरमधून बटाट्यांची पिशवी काढताना ती पडली. हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरने सांगितलं, पडल्याने हाड मोडलेलं नाही, हाड मोडलं म्हणून त्या पडल्या. ते आतून पोखरलं होतं.

डॉक्टरने तिला विचारलं, 'कधीपासून दुखतंय?' मी तिची पर्स हातात धरून उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे वळून म्हणाली, 'झाले असतील दोन-तीन आठवडे.' आणि मी गप्प बसलो. नंतर मी विचारलं, 'अर्लीन, असं का सांगितलंस?' म्हणाली, 'मग काय सांगणार होते? आमच्या यांनी चार गाद्या बदलून पाहिल्या म्हणून? तो माणूस हसला असता तुला.' एवढं बोलून तिने मला पाण्याचा पेला मागितला. त्या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही आणि मीही काढला नाही. ती वाचली असती का, मला माहीत नाही. डॉक्टरला मी एकट्याने गाठून विचारलं होतं. तो म्हणाला, आजार परतलाच होता, तो पूर्ण बरा झाला नसता, पण लवकर कळलं असतं तर हाड सांभाळता आलं असतं, दुखणं बरंच कमी करता आलं असतं. पाच महिन्यांचं दुखणं, ग्वेन. ते माझ्या नावावर आहे.

आईच्या दफनानंतरचं चर्चच्या तळघरातलं ते जेवण तुला आठवतं? सगळे हॅम आणि बटाटे वाढून घेत होते आणि तू ताट तसंच ठेवून म्हणालीस, 'हट्टी बाई! कुणाला कळूच दिलं नाही. मला एक फोन केला असता तर मी ओढत नेलं असतं तिला.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर म्हणालो, 'तुझी आई तशीच होती.' यासारखी लबाडी मी आयुष्यात दुकानातसुद्धा केली नाही. तिने कळू दिलं होतं. रोज सकाळी दिलं होतं, पलंगाच्या त्याच कडेला बसून, मला. दर वर्षी तिच्या वाढदिवसाला तू फोनवर म्हणतेस की अजून तिच्यावरचा राग जात नाही, म्हणून थडग्यावर येत नाहीस, आणि मी म्हणतो, असू दे, जेव्हा वाटेल तेव्हा ये. सहा वर्षं मी तुला एका निरपराध बाईवर रागावू दिलं, कारण तो राग माझ्याकडे वळेल याची मला भीती वाटत होती. मला तुझ्यासमोर लाज वाटते आणि तिच्यासमोर त्याहून जास्त.

बुधवारी त्या दुकानात मी आधी उताणा झोपलो, मग पालथा, मग तुझ्यासारखा डाव्या कुशीवर. खुबा लगेच बोलायला लागला. मी उठून बसलो आणि त्या साखळीच्या चष्मेवाल्या बाईला म्हटलं, 'माझी मुलगी कुशीवर झोपते, तिला दुखेल.' ती अगदी प्रेमाने म्हणाली, 'तीस रात्री थांबायला सांगा हो. अंगाला सवय होते.' मी बूट चढवले. गाडीत बसून घरी आलो.

तेव्हा गादी घेऊ नकोस. कडक नको, मऊ नको, कुठलीच नको. आधी डॉक्टरकडे जा. त्याला आईचं सगळं सांग, गाठीपासून खुब्यापर्यंत, आणि दोन महिने झाले असं आकडा घालून सांग, 'अलीकडेच' म्हणू नकोस. बहुतेक तुझी गादीच जुनी झाली असेल. तसं निघालं तर मी स्वतः विमानात बसून येईन आणि आल्बुकर्कीतल्या एकूण एक गादीवर तुझ्यासाठी डाव्या कुशीवर झोपून बघेन, लोक काय हसायचे ते हसोत. काल फोन तीनदा उचलला. पण तू विचारलं असतंस, डॅड, एवढी घाई कसली? आणि मी पुन्हा खोटं बोललो असतो. म्हणून हे एक्स्प्रेस टपालाने टाकतोय, उद्या तुझ्या हातात पडेल. माझ्यावर हवं तेवढं रागाव, माझी तयारी आहे, तिच्यावर मात्र आता नको. वाचून झालं की लगेच फोन कर, आधी डॉक्टरला, मग मला. मला नाही केलास तरी चालेल.

तुझाच,
डॅड