जुन्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात

बाबा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता पाँडिचेरीत आहे, समुद्राजवळच्या एका दुकानात. दुकान जुन्या वस्तूंचं. पितळेचे दिवे, हंडे, लाकडी पेट्या, सगळं लोकांच्या घरांतून निघालेलं. मालकीण तमिळ आहे, सगळे तिला अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणतो. तिची हिंदी वेगळी, माझी रायपूरची, पण काम चालून जातं. सुरत, पुणे, हैदराबाद, मी कुठंच टिकलो नाही. आई फोनवर म्हणते, "तुह्या पायाले चाकं बसवली हायत का रे?" इथं मात्र पहिल्यांदा वाटलं, राहावं. आधी गोदामात पॅकिंग करायचो. या सीझनला अक्कानं काउंटरवर बसवलं, पण अट घालून. गिऱ्हाईक बरंच फ्रेंच येतं, म्हणून प्रत्येक वस्तूपुढं फ्रेंच चिठ्ठी लावायची. माल हलला तर काउंटर माझं, नाही तर परत गोदाम. आणि गोदामात गेलो की महिन्याभरात मी इथूनही पळणार, हे मला पक्कं माहीत होतं.

अक्कानं इंग्रजीत सांगितलं, लिही, ओल्ड ब्रास पॉट. मी मोबाईलमध्ये ओल्ड टाकलं, तर व्यू आलं. पेन घेऊन बसलो आणि हात थांबला. तुमच्यामुळे थांबला.

रायपूरच्या गोल बाजारातलं ते भांड्यांचं दुकान. शाळा सुटली की मी तिथं येतो. गल्ल्यावर मालक, सेठ, आणि तुम्ही मोडीत आलेली भांडी तोलायच्या काट्याजवळ बसलेले आहात. लोक घरची भांडी आणतात, तुम्ही तोलता, ते बदल्यात नवीन नेतात. तात्यापाऱ्यातल्या एक काकू तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या आहेत. मुलानं तेलीबांध्याला फ्लॅट घेतला, तिथं हे ठेवायचं कुठं, म्हणतात. मी शहाणपणा करतो, "काकू, हे तं लई जुनं हाय, याचं काय येणार?" तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "जा, चहा सांगून ये." चहा सांगून आलो तर तुम्ही घंगाळ तिरपं करून काठावरचं नाव मोठ्यानं वाचत होता. हे तुम्ही दरवेळी करायचा. आपल्या लोकांच्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतंच, कोणाला, कोणाकडून, कशानिमित्त. ते वाचल्याशिवाय तुम्ही भांडं काट्यावर ठेवलं नाही कधी. काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. बाल्कनीत तुळस लावीन याच्यात." आणि घेऊन गेल्या. गल्ल्यावरून सेठ म्हणाले, "भैया, दुकान चला रहे हो कि बंद करा रहे हो?" तुम्ही हसलात. "सेठ, नाम तो पढ़ना पड़ता है." घरी येताना सायकलवर मला म्हणालात, "काहून म्हटलं जुनं? माहेरचं भांडं हाय तिचं. तू म्हटलं भांड्याले, लागलं तिले." एवढंच. पण त्या दिवसानंतर तो शब्द माझ्या तोंडून काही सहज निघाला नाही.

म्हणून इथं मी तो शब्दच गाळला. नुसतं लिहिलं, पितळेचा हंडा. त्यात भर म्हणून सगळी भांडी चिंच लावून लखलखीत घासून मांडली, गोल बाजारात मांडतात तशी. अक्का आली आणि डोक्याला हात लावून बसली. "ये क्या किया रे? नया चमचम तो उनके घर में भी मिलता. पुराना दिखना. पुराना लिखना." आठवडाभर कोणी थांबलं नाही. मी मनातल्या मनात गोदाम झाडायला लागलो.

आमच्या गल्लीत एक फ्रेंच बाई राहतात, केस पांढरेशुभ्र, सकाळी फिरून आल्या की आमच्या पायरीवर टेकतात. त्यांना विचारलं. त्यांचंही इंग्रजी मोडकं, माझंही, म्हणून आमचं जमतं. त्या म्हणाल्या, व्यू माझ्या गुडघ्यांसाठी ठेव. आणि माझ्या चपलांसाठी. दुसरा एक शब्द आहे, आजे, म्हणजे वयस्कर, तो डॉक्टर वापरतो, बिल हातात देण्याआधी. तुझ्या हंड्यांना लिही आंस्यां, म्हणजे तुझ्या-माझ्या आधीपासून जे आहे ते. मी म्हटलं, मादाम, आमच्यात वस्तू जुनी होते आणि माणूस म्हातारा होतो, दोघांना एकच शब्द नाही लावत. त्या म्हणाल्या, "सभ्य आहेत तुमची माणसं." मी म्हटलं, "तसं काही नाही, आमच्याकडे पोट्टे बापाच्या पाठीमागे त्याला बुढा म्हणतात." पायरीवर बसून खूप हसल्या.

आंस्यां लिहिलं आणि दिवे जायला लागले. जीवात जीव आला. मग एक जोडपं आलं. नवऱ्यानं पितळेचा डबा उचलला, उलटा केला, विचारलं, काय लिहिलंय? आपली अक्षरं होती. विचार न करता मी मोठ्यानं वाचलं, तुमच्यासारखंच. एका बाईचं नाव, खाली, लग्नात मामाकडून. इंग्रजीत सांगितलं त्याला. तो म्हणाला, ती आता कुठे आहे? मला काय माहीत? कोणीतरी वजनावर दिला असणार, तेच सांगितलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, डबा हळूच होता तिथं ठेवला आणि दोघं निघून गेले. अक्का दारातच उभी होती. मला सेठचा आवाज ऐकू आला, दुकान बंद करा रहे हो. वाटलं, झालं, आता बॅग भरा.

अक्कानं तो डबा उचलून पाहिला. मग वरच्या फळीवरून एक तमिळ लोटा काढला आणि त्याच्या गळ्यावरचं नाव सावकाश वाचलं. "हमारे में भी लिखते. मेरी अम्मा का भी था ऐसा, किधर गया पता नहीं." लोटा पदरानं पुसून म्हणाली, "तमिलवाला मैं पढ़ेगी, मराठी तू. चिट्ठी में नाम भी डालो. जिसको लेना, वो लेगा."

मी विचारलं, "और मैं?"

"तू काउंटर छोड़के किधर जाता?"

बाबा, मी पायरीवर जाऊन बसलो. मग समोरच्या गाड्यावर एकामागून एक डोसे खाल्ले. तो डबा अजून इथंच आहे. रोज पुसतो, घासत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकतो. आजवर जिथं जिथं गेलो तिथं कोणी वडिलांचं विचारलं की मी सांगायचो, बुढे थे, चले गये. तसं म्हटलं की लोक मान हलवतात आणि पुढं काही विचारत नाहीत. काल मादामनं विचारलं. तुम्ही गेलात तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होता, तेच सांगितलं. त्यांनी थोडं सरकून पायरीवर मला जागा करून दिली. मग मी तुमच्याबद्दल पुष्कळ वेळ बोलत बसलो.