जिन्याच्या वळणावर

सोमवार, ४ मार्च
कामचुकार म्हणे! जन्मभर हेच ऐकलं. सासू म्हणायची, जाऊ म्हणते, लाँड्रीचा मालक तर उठता-बसता. गच्चीवर कपडे नेताना धाप लागते, म्हणून जिन्यात थांबते. केस सुटल्याचं निमित्त करते. आता तपासणीत निघालं — हृदयाच्या पडद्यालाच भोक. जन्मापासूनचं! आता बोला म्हणावं.

बुधवार, ६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. छाती फाडायची नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची, तिच्यातून छत्रीसारखं झाकण सोडायचं. ते भोकावर उघडून बसतं. ह्यांनी विचारलं, पावसात उपयोगी पडेल का. घाबरले की ह्यांना विनोद सुचतात.
घरात आणखी कुणाला असं आहे का, बाईंनी विचारलं. नाही म्हणून मोकळी झाले. आईला दमा होता, तो वेगळा.

मंगळवार, १२ मार्च
नाही बसवलं झाकण.
नळी घातली, आतला दाब मोजला, नळी काढली. मी जागीच होते, सगळं ऐकत. फुप्फुसांकडचा दाब हाताबाहेर गेलाय. आता भोक बुजवलं तर हृदयच बसेल. ज्या भोकानं वाट लावली, त्याच्याच आधारावर जगायचं!
बाई हळूच म्हणाल्या, "तिशीत आला असतात तर जमलं असतं."
तिशीत मी कामचुकार होते.

गुरुवार, १४ मार्च
गोळ्या घ्यायच्या आणि छताकडे बघत पडायचं. जाऊ आली, गप्प बसून गेली. दोन टोमणे मारले असते तर बरं वाटलं असतं. गप्प बसली म्हणजे माझं संपलंच.

रविवार, १७ मार्च
आज केससुद्धा विंचरले नाहीत. कशाला?

सोमवार, १८ मार्च
लेक भेटायला आली. मी दारात खुर्चीवर होते, खालून येताना दिसली. वळणावर थांबली. केस सोडले, परत बांधले. एक हात कठड्यावर.
माझी आई अशीच थांबायची. आम्ही हसायचो — आपल्याकडच्या बायकांची खोडच ती!
वर आल्यावर विचारलं, केस सुटले होते का गं?
म्हणाली, "नाही गं आई. तुझीच सवय लागलीय."
तिला अजून तिशी लागायचीय.

मंगळवार, १९ मार्च
उठले. केस बांधले. जावयांना फोन लावला. ते रजेचं रडगाणं गाऊ लागले. म्हटलं, "शुक्रवारपर्यंत सांगा — तिचं हृदय तपासायला तुम्ही नेताय, की मी येऊन नेऊ?"