महालक्ष्म्या यंदा वर बसतील

२४ ऑगस्ट

लिही रे फोनदादा. बटन कुठलं दाबायचं ते नातीनं, निहारिकानं, दाखवलंय. मला अक्षर येत नाही, तुला गुडघे नाहीत. बरोबरीचे आहोत!

पाऊस थांबत नाही. क्षिप्रा फुगली की आमच्या गल्लीमागचा नाला उलटा फिरतो. नदी त्याला आत घेत नाही, मग तो आमच्याकडे येतो — पाहुण्यासारखा, चपला न काढता. मुलगा म्हणतो, "आई, वर राहायला चल. पाणी आलं तर तुला उचलणार कोण?" हा प्रसाद स्वतः मोजे घालताना धापा टाकतो! नाही जात. या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना कोण चढणार? तुळस खाली, नळ खाली, गल्लीतली भांडणं खाली. वर काय, पंखा?

२६ ऑगस्ट

ठरलं. महालक्ष्म्या यंदा वर बसवायच्या.

सूनबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "आई, पिढ्यान्‌पिढ्या खालच्या खोलीत बसतात."
म्हटलं, तेजस्विनी, पाणीही पिढ्यान्‌पिढ्या खालच्याच खोलीत येतं.

माझं नवं लग्न होतं. महालक्ष्म्या बसलेल्या, पूजा मांडलेली, आणि पाणी आत. आपल्या घराला तेव्हा वरचा मजला नव्हता, सगळे शेजारच्या गच्चीवर पळाले. सासूबाई, माई, हलेनात. "बसलेल्या देवीला विसर्जनाआधी हलवत नाहीत." छातीभर पाण्यात दोन्ही मुखवटे डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. मुखवटे वाचले. माईंना ताप भरला — दिवाळी काही पाहिली नाही त्यांनी.

पुढे दोनदा पाणी आलं, पण श्रावणात. देवी तेव्हा पेटीत. दर वेळी नाला पंचांग बघून येईल का?

बसल्यावर हलवता येत नाहीत ना? मग आधीच वर बसवा!

२८ ऑगस्ट

प्रसाद म्हणाला, "टेन्शन मत लो आई, यंदा नाला साफ केलाय." मी म्हटलं, हो, पाण्याला यायला रस्ता मोकळा.

३० ऑगस्ट

सूनबाई माझ्यासारखीच निघाली! म्हणते, "देवी वर न्यायच्या, तर तीन दिवस तुम्हीही वर. देवी वर आणि सासू पाण्यात, लोक मला काय म्हणतील?"

बिल्कुल अडकवलंन मला.

३१ ऑगस्ट

दारापासून रांगोळीची पावलं मीच काढते, दर वर्षी. देवी पावलांवरून चालत जातात, जिथे संपतील तिथे बसतात. आज पावलं जिन्याकडे वळवली. पायरीवर बसायचं, पावलं काढायची, मग बुडावरच वरच्या पायरीवर सरकायचं. माझ्यामागून तेजस्विनी मुखवटे घेऊन. प्रसाद ताट वाजवत होता, नजर मात्र माझ्यावर. "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?" निहारिका ओरडली, "आजीच्या!"

किती वर्षांनी वर आले. इथून नाला दिसतो. विसरूनच गेले होते.

१ सप्टेंबर

दुपारी नैवेद्य दाखवत होतो आणि पाणी आलं. आधी मोरीतून, मग दारातून. माझी खाट बुडाली. गल्लीतले लोक वर आले, पुरणपोळ्या पुरल्या. तेजस्विनीनं माझ्या पानात जास्तीचं तूप वाढलं.

माई, तुमच्या देवी कोरड्या आहेत.

२ सप्टेंबर

विसर्जन झालं. मुखवटे पेटीत. पाणी उतरलंय. प्रसाद माझी खाट धुऊन परत खाली लावायला निघाला. म्हटलं, थांब, वर आण.

"का गं आई?"

खालच्या पायऱ्यांवरची पावलं धुतली गेली रे. आता उतरायचं कशावरून?